एक बिघडलेला सूर

न्यायालयात साक्षीदार जे बोलतो ते सगळेच कागदावर उतरते असे नाही. तो अडखळतो, घसा खाकरतो, प्रश्न ऐकून क्षणभर छताकडे पाहतो. लेखनिकाच्या हातून कागदावर येते ते मात्र एक नीटनेटके वाक्य. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कर्त्यांना ही उणीव ठाऊक असली पाहिजे. कारण साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी न्यायाधीशाने वेगळे टिपण करावे, अशी मुभा त्यांनी अठराव्या आदेशातील बाराव्या नियमाने देऊन ठेवली आहे. वीस वर्षांच्या वकिलीत हा नियम वापरलेला मी दोन-तीनदाच पाहिला. बाकीचे सारे अडखळणे हवेत विरून जाते आणि निकाल त्या नीटनेटक्या वाक्यावर होतो.

हा विचार माझ्या मनात पक्का रुजला तो कोर्टात नव्हे, तर गेल्या वर्षी अगदी भलत्याच निमित्ताने. कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे ध्वनिमुद्रणाच्या मालकीविषयी मला चार शब्द बोलायचे होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्यात ज्याने पुढाकार घेतला व जबाबदारी उचलली तो. कवीचा हक्क वेगळा, संगीतकाराचा वेगळा; गायक-वादकांचे हक्क १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी बळकट झाले. पण काचेच्या पलीकडे बसून कुणाचा आवाज किती जवळ यावा, किती दूर राहावा हे ज्याच्या बोटांनी ठरते, त्या ध्वनिमुद्रकाला या कायद्यात निराळे स्थान नाही. हा मुद्दा मुलांना पटवायला एखादे उदाहरण हवे होते. शोधता शोधता अमेरिकेतले एक जुने पेटंट हाती लागले आणि त्या पेटंटाच्या मागोमाग ग्लेन स्नॉडी नावाच्या एका गृहस्थांचे चरित्र.

स्नॉडी हे टेनेसी राज्यातल्या शेल्बीव्हिलचे. जन्म १९२२ चा, मृत्यू २०१८ चा; म्हणजे शहाण्णव वर्षांचे भरघोस आयुष्य. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. रेडिओच्या तंत्राचे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले. परतल्यावर नॅशव्हिल शहरातील रेडिओ केंद्रांवर नोकऱ्या केल्या आणि तिथून ते ध्वनिमुद्रणाकडे वळले. हे शहर म्हणजे कंट्री म्युझिकचे पंढरपूर. कंट्री म्युझिक हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे गाणे. चर्चमधल्या प्रार्थनांच्या सावलीत वाढलेले. फिडल, बँजो, गिटार ही त्याची वाद्ये. ताटातूट, दारिद्र्य, आगगाडी, आईची आठवण आणि परमेश्वराची करुणा हे त्याचे विषय. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर वसलेल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी यंत्रे मांडून कार्टर कुटुंबाचे आणि जिमी रॉजर्स यांचे पहिले मुद्रण केले. त्या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच दोन राज्यांची सीमा जाते. बेळगावकडच्या वाचकांना त्या गावाविषयी उगाचच आपुलकी वाटली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नॅशव्हिलचा लौकिक वाढला तो तिथल्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रामुळे. हे केंद्र एका विमा कंपनीने काढले होते. त्यावरून दर शनिवारी होणारी गाण्यांची बैठक १९४३ पासून १९७४ पर्यंत रायमन सभागृहात भरत असे, आणि ते सभागृह मुळात १८९२ साली धर्मप्रवचनांसाठी बांधलेले होते. श्रोते बसत ते प्रार्थनेच्या लाकडी बाकांवर. देवळाच्या सभामंडपातच आरती, कीर्तन आणि दशावतारी नाटक या तिन्हींचा आस्वाद घेत वाढलेल्या आम्हां लोकांना यात काही विसंगत वाटू नये.

ओवेन ब्रॅडली यांनी १९५५ साली तिथल्या सोळाव्या रस्त्यावर एका घरामागे लष्कराने निकालात काढलेली, अर्धवट पिंपासारखी दिसणारी पत्र्याची शेड उभारून तिचा स्टुडिओ केला. स्नॉडी यांनी कन्सोलपुढे बसून नाव कमावले ते या शेडमध्ये. नाव कमावले असे म्हणतो खरे. पण त्या काळी रेकॉर्डच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रकाचे नाव बहुधा छापीत नसत. आपल्याकडची कथा याहून गमतीची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गाऊ लागल्या तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव पुकारीत. कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना चिठ्ठी कुणाच्या नावाची लावायची हे कळावे लागे. गायिकेचे नाव अशा रीतीने तबकडीत कोरले गेले. फ्रेड गेसबर्ग या मुद्रकाचे नाव सांगायला त्या तबकडीत कोणी नव्हते.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. १९६० साली मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे मुद्रण त्या शेडमध्ये चालले होते. निर्माते होते डॉन लॉ. हे मूळचे इंग्रज गृहस्थ, आणि रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकाचे १९३६-३७ मधले मुद्रण ज्यांच्या हातून झाले तेच हे. गाणे संथ, विरहाचे, रेशमासारखे मऊ. मध्ये ग्रॅडी मार्टिन या वादकाने सहा तारांच्या बेस गिटारवर एक छोटी जागा वाजवायची होती. वाद्याची तार थेट कन्सोलला जोडलेली. मार्टिन वाजवू लागले आणि त्याच वाहिनीतल्या ट्रान्सफॉर्मरने दगा दिला. स्वच्छ खर्जाच्या ऐवजी यंत्रातून एक खरखरीत, फाटका, भुंगा बाटलीत कोंडल्यासारखा आवाज येऊ लागला.

ध्वनिमुद्रकाच्या धर्माप्रमाणे अशा वेळी हात वर करायचा, गाणे थांबवायचे, बिघाड दुरुस्त करायचा आणि पुन्हा वाजवून घ्यायचे. वादक मार्टिन यांना तो आवाज पसंत नव्हता असे सांगतात, आणि त्यांचेही काही चुकले नाही. आयुष्यभर सूर निर्मळ ठेवण्यासाठी झिजलेल्या माणसाला तो आपला अपमानच वाटणार. परंतु स्नॉडी आणि लॉ यांनी तो बिघाड तसाच राहू दिला. १९६१ च्या आरंभी रेकॉर्ड बाजारात आली. कंट्री गाण्यांच्या यादीत ती दहा आठवडे पहिली होती आणि लोकप्रिय गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत तिने तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली.

एका रात्री सारे झोपल्यावर मी हे गाणे ऐकले. बिघाड कधी येतो याची वाट पाहत होतो, तरीही तो आला तेव्हा दचकलो. सज्जन माणसाने भर सभेत एकाएकी हुंदका द्यावा तसा तो आवाज. दुसऱ्यांदा ऐकताना मला तंबोरा आठवला. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो. तो जागेवर बसेपर्यंत तार कोरडी बोलते, बसला की तीच तार झणझणून उठते. त्याला आपण जवारी म्हणतो. निव्वळ तारेत थोडा खरखरीतपणा कालवल्याशिवाय तिला तेज येत नाही हे आपल्या कानांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. अर्थात जवारी बुद्धिपुरस्सर काढतात, आणि नॅशव्हिलमध्ये जे घडले तो निव्वळ अपघात होता, हा फरक मी विसरत नाही. अपघात घडल्यावर जे ठरवले गेले ते मात्र बुद्धिपुरस्सर होते.

पुढची हकीकत वकिलाच्या आवडीची. त्या आवाजाची ख्याती झाली आणि नॅन्सी सिनात्रा या गायिकेकडच्या मंडळींना तो हवासा वाटला; पण तोवर ते बिघडलेले यंत्र पुरतेच निकामी झाले होते. आधी बिघाड झाला म्हणून पंचाईत, आता बिघाड उरला नाही म्हणून! तेव्हा स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर जोडून तो बिघाड हुकमी घडवून आणणारे साधन तयार केले. ते घेऊन ते गिब्सन या वाद्ये बनविणाऱ्या कंपनीकडे गेले आणि १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाची पायाने दाबायची पेटी विक्रीला आली. पेटंटाचा अर्ज त्याच वर्षीचा. त्यावर स्नॉडी आणि रेव्हिस हॉब्ज अशी दोघांची नावे आहेत. ते मंजूर झाले १९६५ च्या ऑक्टोबरात. मधली दोन-तीन वर्षे पेटीला फारसे गिऱ्हाईक नव्हते. मग त्याच १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज मंडळींचे 'सॅटिस्फॅक्शन' आले आणि दुकानांतल्या पेट्या पाहता पाहता संपल्या. त्यातली ती गाजलेली ओळ कीथ रिचर्ड्स यांनी या पेटीतून वाजवली ती केवळ कच्चा आराखडा म्हणून. पुढे तिथे पितळी वाद्ये घालण्याचा त्यांचा मानस होता. मुद्रणात मात्र कच्चा आराखडाच राहिला. त्या दशकापासून जगभर विजेच्या गिटारचा जो चिरका, पेटलेला आवाज ऐकू येतो, त्याच्या वंशावळीत या पत्र्याच्या शेडला मानाचे पान आहे.

ध्वनिमुद्रक म्हणून स्नॉडी यांना हक्क मिळाला नाही. मिळाला तो यंत्रकार म्हणून. बिघाड फितीवर राहू द्यायचा हा त्यांचा आणि लॉ यांचा निर्णय मला त्या पेटीहून मोठा वाटतो, पण निर्णयाला पेटंट नसते. विद्यार्थ्यांना मी हेच सांगितले. एका मुलीने विचारले, "सर, मग निर्णयाला काय असतं?" मला उत्तर सुचले नाही; मी घड्याळाकडे पाहिले.

स्नॉडी यांच्या आयुष्यातल्या आणखी गोष्टी आहेत. १९६२ साली ब्रॅडली यांचा स्टुडिओ कोलंबिया कंपनीने विकत घेतला. तिथे व्यवस्थापक असताना त्यांनी ख्रिस क्रिस्टॉफरसन नावाच्या तरुणाला झाडलोट करायला ठेवले. ऑक्सफर्डला शिष्यवृत्तीवर शिकून आलेला, लष्करात कॅप्टन झालेला हा तरुण गाणी लिहिता यावीत म्हणून केर काढायला तयार झाला आणि पुढे मोठा गीतकार झाला. तो भाग निराळा. १९६७ साली स्नॉडी यांनी पूर्व नॅशव्हिलमधल्या एका जुन्या चित्रपटगृहात 'वुडलँड' नावाचा स्वतःचा स्टुडिओ उघडला.

या वुडलँडमध्ये १९७१ च्या ऑगस्टात नवल घडले. कॅलिफोर्नियाकडची नव्या पिढीची, लांब केसांची मुले कंट्री संगीतातल्या वडीलधाऱ्यांना एकत्र बोलावून गायला बसली. त्यांत १९२७ साली ब्रिस्टलला गायलेल्या मेबेल कार्टर होत्या, रॉय एकफ होते, अंध गिटारवादक डॉक वॉटसन होते, मर्ल ट्रॅव्हिस होते. सहा दिवस काम चालले. गाणी थेट दोन पट्ट्यांच्या फितीवर उतरली. आणि निर्माते विल्यम मॅक्युएन यांनी आणखी एक फीत सतत चालू ठेवली. दोन गाण्यांच्या मध्ये माणसे जे बोलतील ते टिपण्यासाठी. ही योजना त्यांची. घर मात्र स्नॉडी यांचे. १९७२ साली तीन तबकड्यांचा तो संच निघाला तेव्हा त्यात ते बोलणेही होते. वॉटसन यांनी आपल्या मुलाचे नाव ट्रॅव्हिस यांच्यावरून मर्ल ठेवले होते. त्या दोघांची पहिली भेट याच दिवसांत झाली, आणि ती त्या तबकडीवर ऐकायला मिळते. दोन प्रौढ माणसे एकमेकांशी किती संकोचाने, किती आदराने बोलतात! गाण्याहून मला ते बोलणेच अधिक वेळा ऐकावेसे वाटले.

ते ऐकत असतानाच मडगावच्या एका दुकानात कुणीतरी मला विचारलेले एक वाक्य कानांत उमटले: "फाटल्यान कोणतरी उलयता. तें काडूं?"

माझे वडील गावच्या देवळात भजनाला बसत. श्रावणातल्या सप्ताहात रात्रीच्या एका पारात त्यांचा अभंग ठरलेला असे. १९८९ साली, मी दहा वर्षांचा असताना, शेजाऱ्यांनी आखातातून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर तो अभंग मुद्रित झाला. बटण दाबण्याचा मान माझा. वडील २००५ साली गेले. वर्षश्राद्धाला ती कॅसेट चांगल्या रूपात सगळ्या नातेवाइकांना द्यावी असे माझ्या मनात आले; नुकताच वकिली करू लागलो होतो, चार पैसे हातात होते. दुकानदाराने कॅसेट संगणकावर घेतली. कामसू आणि प्रामाणिक माणूस. फितीची घरघर, पंख्याचा आवाज, कुणाचे खोकणे, अवेळी वाजलेली घंटा, एकेक गोष्ट दाखवून तो विचारी आणि मी मान डोलावी. मग एका ठिकाणी वडिलांचा आवाज थांबतो. चार-पाच मात्रा नुसता पखवाज चालतो, मागून अस्पष्ट असे कुणीतरी काहीतरी बोलते, आणि वडील चरण पुन्हा उचलतात. दुकानदाराने विचारले ते इथे. मी म्हणालो, "काडात." मधली रिकामी जागाही त्याने सफाईने मिटवून टाकली; इतकी, की ठेकासुद्धा चुकला नाही.

नवी तबकडी घरी लावली तेव्हा आई ओट्यावर फुले निवडत बसली होती. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "साफ जालां." आणखी काही बोलली नाही. पुढे घराला रंग काढताना जुन्या कॅसेटी मीच टाकून दिल्या. २०१९ साली आई गेली.

वुडलँडची ती तबकडी ऐकल्यावर त्या पुसलेल्या आवाजाने माझी पाठ सोडली नाही. कोण बोलले असेल? त्या रात्रीच्या मंडळींपैकी आज एकटे भाई हयात आहेत. पखवाज त्यांचाच होता. कोर्टाच्या सुट्टीत गावी गेलो आणि देवदर्शन आटोपून त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर प्रश्न घातला. साक्षीदाराला उत्तर सुचवू नये हा नियम मी पाळला. भाईंना विचार करावा लागला नाही. "तुजेच आवयन उतर दिल्लें ताका," ते म्हणाले. वडील दुसऱ्या चरणावर अडले; खांबाआड बायकांमध्ये बसलेल्या आईने पुढचा शब्द सांगितला. तिला सारे अभंग तोंडपाठ होते, म्हणे. वडील घरी तिच्यापुढे म्हणून पाहत आणि मगच भजनाला येत. त्या काळी आमच्या गावच्या भजनात बायका गात नसत. "थोडो हांसलोय तो," भाई म्हणाले. तो शब्द उचलताना वडील थोडे हसलेसुद्धा होते. ते हसूही माझ्या तबकडीवर नाही.

आईच्या आवाजाचे दुसरे मुद्रण आमच्याकडे नाही. तिला यंत्रापुढे बोलायला लाज वाटे, आणि आम्हांलाही कधी सुचले नाही.

३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर नॅशव्हिलला चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि वुडलँडचे छप्पर उडाले. तोवर तो स्टुडिओ गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या गायक जोडप्याच्या हाती आला होता. भर अंधारात, वरून पाऊस कोसळत असताना दोघांनी फितींचे खोके आणि वाद्ये वाचवली. २०२४ साली त्यांनी आपल्या नव्या संग्रहाला 'वुडलँड' हेच नाव दिले. हे वाचले तेव्हा रंगाचे डबे ठेवायला जागा हवी म्हणून मी रिकामा केलेला तो खण मला आठवला. माझ्या डोक्यावर छप्पर शाबूत होते.

आता एक शेवटचा धागा आहे. बेळगावचे आमचे मामा १९९० साली सुट्टीत आले असता त्या कॅसेटची एक प्रत करून घेऊन गेले होते, असे बहिणीला आठवते. मामा नाहीत. मामेभावाला फोन केला. त्याने माळ्यावरची पेटी उतरवून पाहिली. दमटपणाने बऱ्याच फिती एकमेकींना चिकटल्या आहेत आणि त्याच्याकडे त्या वाजवायला यंत्र नाही. मी म्हटले, तू काही वाजवून पाहू नकोस, आहे तशी ठेव. पणजीत एकाकडून जुना डेक विकत घेतला आहे. त्याचे हेड स्पिरिटने पुसून ठेवले आहे, आणि दुसऱ्या कुठल्या तरी कॅसेटवर तो रोज थोडा चालवून पाहतो.

जत्रेला येताना तो पेटी घेऊन येणार आहे. परवा पुन्हा त्याचा फोन आला होता; एका कॅसेटवर मामांच्या हातची चिठ्ठी सापडली म्हणाला. तीवर वडिलांचे नाव आहे आणि साल आहे.